गावाच्या नावाचा आकार

२००६च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत शिकत होतो. आम्ही तिघे एका घरात राहायचो. त्यातला एक तैवानचा. शनिवारी रात्री, म्हणजे त्याच्या गावी रविवार उजाडला की, तो आजीला फोन लावायचा. आधी आयोवा राज्यातला एक नंबर फिरवायचा, पलीकडून यंत्राचा आवाज आला की तैवानचा नंबर दाबायचा, आणि मग तासभर निवांत बोलत बसायचा. मोबाईलच्या प्लॅनमध्ये शनिवार-रविवारची मिनिटं मोफत होती, म्हणजे आयोवापर्यंतचा फोन फुकट. आयोवापासून तैवानपर्यंतचाही फुकट. ना कार्ड, ना नोंदणी, ना मध्ये जाहिरात.

मी शेजारीच बसून कॉलिंग कार्डावरची पट्टी नाण्याने खरवडत असायचो, कारण त्या सेवेच्या यादीत भारत नव्हता. एकदा न राहवून त्याला विचारलं, "याचे पैसे देतं कोण?" तो हसून म्हणाला, "आयोवातले शेतकरी देत असतील." आम्ही दोघेही हसलो. तो विनोद अगदीच चुकीचा नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्याच सुमारास घरी एक गंमत चालली होती. माझं गाव जुन्नर तालुक्यातलं. घरी लँडलाइन होती आणि तिच्याजवळ नंबर दाखवणारी एक छोटी डबी बसवलेली होती. एका रविवारी आई म्हणाली, "अरे, तू अमेरिकेतच आहेस ना? मग इथे हा मुंबईचा मोबाईल नंबर कसा काय दिसतोय?" मी म्हटलं, "काहीतरी तांत्रिक असेल गं." खरंच मला तेवढंच माहीत होतं.

आयोवातला तो नंबर आणि आईच्या डबीतला हा नंबर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं तेव्हा वाटलं होतं. पुढे या विषयावरचे आदेश आणि निकाल वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की गोष्ट एकच आहे. अमेरिकेत ती एका टोकाने घडली, भारतात दुसऱ्या.

मिस कॉलचा खटला

परदेशी फोन स्वस्तात लावण्याची धडपड इंटरनेटच्या आधीची आहे. त्या काळी दोन देशांमधल्या फोनचे पैसे त्या-त्या देशांच्या कंपन्या आपसात ठरलेल्या दराने वाटून घेत. बहुतेक देशांत एकच सरकारी कंपनी असे, तिला विचारणारं कोणी नसे. दर प्रत्यक्ष खर्चाच्या कितीतरी वर असत. अमेरिकेतून बाहेर लावलेला फोन मात्र तुलनेने स्वस्त होता, कारण तिथे लांब पल्ल्याच्या कंपन्यांमध्ये स्पर्धा होती.

या फरकातून 'कॉलबॅक'चा धंदा जन्मला. परदेशातल्या ग्राहकाने अमेरिकेतल्या एका नंबरवर फोन करायचा आणि पलीकडून उचलण्याआधी ठेवून द्यायचा. तिथलं यंत्र लगेच त्याला उलटा फोन लावणार, आणि तो अमेरिकी दराने जगभर बोलणार. म्हणजे आपला मिस कॉलच. एटीअँडटीने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे तक्रार केली: हे लोक आमच्या तारा फुकट वापरतात, न उचललेल्या फोनचे पैसे आम्हाला मिळत नाहीत. १९९४मध्ये आयोगाने ती तक्रार फेटाळली. न उचललेल्या फोनला आकार नाही, तर तो वापरणं बेकायदा कसं? पुढच्या वर्षी आयोगाने एवढंच जोडलं, की ज्या देशांनी आपल्या कायद्याने कॉलबॅकवर बंदी घातली आहे तिथे अमेरिकी कंपन्यांनी ही सेवा देऊ नये.

भारतात तेव्हा परदेशी फोनचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता. तो ३१ मार्च २००२पर्यंत टिकला. आमच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह दळणवळणाचं 'विक्रम' केंद्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. लहानपणी वडिलांनी एकदा मुद्दाम नेऊन ती अवाढव्य तबकडी दाखवली होती. "इथून साता समुद्रापार बोलता येतं," असं ते म्हणाले होते. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. तबकडी तालुक्यात, पण बोलायचं तर बाजारपेठेतल्या पीसीओवर जायचं आणि भिंतीवर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं.

कुंपणाच्या तारेपासून

आता आयोवा. मक्याचं आणि डुकरांचं राज्य, छोटी छोटी गावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या टेलिफोन कंपन्यांना अशा गावांत रस नव्हता. मैलोन्‌मैल तार ओढायची आणि शेवटी चार घरं. तेव्हा मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तारा ओढल्या. काही ठिकाणी तर शेताच्या काटेरी कुंपणाची तारच फोनसाठी वापरली. त्यातून गावोगावी सहकारी टेलिफोन सोसायट्या उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या दूध सोसायटीसारख्या: सभासद गावातलेच, संचालक गावातलेच. १९४९पासून केंद्र सरकार ग्रामीण टेलिफोनसाठी स्वस्त कर्ज देऊ लागलं.

१ जानेवारी १९८४ला एटीअँडटीची मक्तेदारी मोडली. लांब पल्ल्याचा धंदा एकीकडे, स्थानिक तारांचा दुसरीकडे. मग प्रश्न आला: न्यूयॉर्कहून आयोवातल्या एखाद्या गावी फोन आला तर ग्राहकाचे पैसे लांब पल्ल्याच्या कंपनीला मिळतात, पण शेवटची तार आणि एक्सचेंज गावच्या सोसायटीचं. तिला काय? उत्तर म्हणून 'अ‍ॅक्सेस चार्ज' आला. आपण त्याला प्रवेश-आकार म्हणू. बाहेरून येणाऱ्या फोनच्या प्रत्येक मिनिटामागे लांब पल्ल्याच्या कंपनीने गावच्या कंपनीला ठरावीक रक्कम द्यायची.

हा दर खर्च भागिले मिनिटं अशा हिशोबाने निघे. गाव छोटं, फोन कमी, म्हणून दर मिनिटाचा आकार जास्त. शहरात सेंटाच्या अंशात असणारा हा दर दुर्गम गावात कित्येक सेंटांवर जाई. त्यात अन्याय काहीच नव्हता. शहरातल्या माणसाने गावच्या तारेचा थोडा भार उचलायचा, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय १९९६च्या दूरसंचार कायद्याने लांब पल्ल्याच्या कंपन्यांना बंधन घातलं, की खेड्यातल्या आणि शहरातल्या ग्राहकांना वेगवेगळे दर लावायचे नाहीत. म्हणजे आयोवाला फोन लावणाऱ्याकडून जादा पैसे घेण्याचीही सोय उरली नाही.

कायदा करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. छोट्या गावात फोन कमीच येणार.

दीडशे माणसांचं गाव

कोणाच्या तरी डोक्यात आलं, की गावात फोन वाढवता आले तर?

सोपा हिशोब करू. आकडे नुसते समजण्यापुरते. समजा गावाचा प्रवेश-आकार मिनिटाला ६ सेंट आहे. गावच्या एक्सचेंजमध्ये एक कंपनी आपलं यंत्र आणून ठेवते आणि जाहीर करते: या नंबरवर फोन करा आणि पुढे परदेशात फुकट बोला. देशभरातून लोक फोन करतात. प्रत्येक मिनिटाला ६ सेंट गावाला मिळतात. तैवान किंवा युरोपातल्या लँडलाइनपर्यंत आवाज इंटरनेटवरून पोचवायला घाऊक बाजारात लागतात २ सेंट. उरलेले ४ सेंट गावची कंपनी आणि यंत्रवाले वाटून घेतात. बोलणाऱ्याला फुकट, गावाला कमाई, यंत्रवाल्याला नफा. पैसे जातात लांब पल्ल्याच्या कंपनीचे, म्हणजे शेवटी तिच्या सगळ्या ग्राहकांचे.

भारत अशा यादीत का नसावा याचा अंदाजही याच हिशोबात आहे. भारतात फोन पोचवण्याचा खर्च तेव्हा या फरकात सहज बसणारा नव्हता. का, ते पुढे येईलच.

२००६च्या शरदात फ्यूचरफोन नावाची सेवा याच तत्त्वावर सुरू झाली. पन्नासेक देशांत फुकट फोन. तिचा नंबर आयोवाच्या ७१२ भागातला होता आणि त्यामागे होती सुपीरियर नावाच्या गावाची टेलिफोन सोसायटी. सुपीरियरची वस्ती दीडशेच्या आसपास. काही महिन्यांतच, जानेवारी २००७मध्ये, एटीअँडटीने आयोवाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. तिचं म्हणणं असं: हे फोन आयोवात संपतच नाहीत, ते परदेशात जातात. मग गावात फोन संपवल्याचा आकार आम्ही का द्यायचा? त्याच सुमारास फ्यूचरफोन बंद पडली.

पण वाद मिटला नाही, कारण परदेशी फोन ही या धंद्याची एक शाखा होती. मोफत कॉन्फरन्स कॉल, रात्रभर चालणाऱ्या गप्पांच्या लाइनी, प्रौढांसाठीच्या सेवा, सगळ्यांची यंत्रं आयोवा आणि दक्षिण डाकोटातल्या गावांत येऊन बसली होती. शाळांच्या पालकसभा, चर्चच्या प्रार्थना, छोट्या संस्थांच्या बैठका या मोफत नंबरांवर होत. त्या लोकांना यातल्या हिशोबाची कल्पना असण्याचं कारणच नव्हतं.

चिडलेल्या मोठ्या कंपन्यांनी २००७च्या वसंतात सरळ त्या नंबरांवर जाणारे फोन अडवायला सुरुवात केली. जूनमध्ये आयोगाने त्यांना बजावलं: पैशांबद्दल भांडायचं तर भांडा, पण फोन अडवायचा नाही. कोणाचा फोन लागावा आणि कोणाचा नाही हे कंपनीने ठरवू लागणं धोक्याचं आहे. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

दोन वर्षांनी याच बंधनाने एक मजेशीर भांडण लावलं. गूगल व्हॉइस अशा नंबरांवर फोन जाऊ देत नाही, अशी तक्रार एटीअँडटीने सप्टेंबर २००९मध्ये आयोगाकडे केली. आम्हाला अडवायला मनाई, मग त्यांना मोकळीक का? गूगलने उत्तर दिलं की आम्ही टेलिफोन कंपनी नाही, आणि आता शंभराहून कमी नंबरच बंद ठेवतो.

ग्राहक कोणाला म्हणायचं?

यातला खरा कायदेशीर पेच वेलँड नावाच्या गावच्या कंपनीच्या प्रकरणात दिसतो. फार्मर्स अँड मर्चंट्स म्युच्युअल, म्हणजे नावातच शेतकरी आणि व्यापारी. क्वेस्ट कंपनीने तिच्याविरुद्ध तक्रार केली. ऑक्टोबर २००७मध्ये आयोगाने म्हटलं, की गावच्या कंपनीचा नफा अवाजवी आहे, पण तिने दरपत्रक रीतसर दाखल केलं होतं आणि ते वेळेत कोणी हटकलं नाही, म्हणून कायद्याने ते वैध धरलं जातं. नुकसानभरपाई नाही. दरपत्रक दाखल करताना फोन मोजके होते, म्हणून दर चढा होता. मंजुरीनंतर फोनांचा पूर आला. सगळी खुबी तेवढ्या फटीत होती.

मग आयोवाच्या राज्य मंडळापुढच्या चौकशीत कागदपत्रं बाहेर आली. प्रवेश-आकार घेण्यासाठी फोन 'ग्राहका'पर्यंत पोचावा लागतो, आणि ग्राहक म्हणजे गावच्या कंपनीची सेवा विकत घेणारा. हे यंत्रवाले तर काहीच विकत घेत नव्हते, उलट गावच्या कंपनीकडून पैसे घेत होते. वाद सुरू झाल्यावर मागच्या तारखा घालून बिलं तयार केल्याचंही दिसून आलं. सप्टेंबर २००९मध्ये राज्य मंडळाने आठ कंपन्यांविरुद्ध निर्णय देऊन परतफेडीचे आदेश काढले. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आयोगानेही वेलँडच्या प्रकरणातला आधीचा निष्कर्ष फिरवला: हे ग्राहक नव्हेत, आकार लागू नाही. २०११मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

मागच्या तारखांची ती बिलं वाचताना मला आपल्याकडच्या सोसायट्या आठवल्या. सभासदांच्या घामातून उभी राहिलेली संस्था, तिसऱ्या पिढीच्या संचालकांच्या हाती, आणि बाहेरून आलेला कोणी 'तुम्हाला काही करायचं नाही, फक्त जागा द्या' म्हणणारा. गावच्या कंपन्यांचा बचावही ऐकण्यासारखा होता: आमची तरुण मुलं शहरात गेली, ग्राहक घटले, हा पैसा आला म्हणून नव्या तारा टाकता आल्या. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण ज्या यंत्राला गावाशी देणंघेणं नाही, त्याच्या नावावर गावाचा आकार वसूल करणं हा गावाचा विकास नव्हता.

आईच्या डबीतला नंबर

आता भारतातलं टोक. भारतात खासगी कंपन्या आल्या, त्यांनी शहरातला फायद्याचा धंदा उचलला. बीएसएनएलकडे खेडी उरली: तार लांब, भाडं कमी, तोटा निश्चित. हा तोटा भरून काढायला दूरसंचार नियामकाने २००३मध्ये 'अ‍ॅक्सेस डेफिसिट चार्ज', म्हणजे एडीसी आणला. त्याचा सर्वांत मोठा भार परदेशी फोनांवर टाकला गेला. फेब्रुवारी २००४पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर ४ रुपये २५ पैसे एडीसी होता. देशातला फोन दुसऱ्याच्या जाळ्यात संपवण्याचा आकार होता ३० पैसे.

या दोन आकड्यांमध्ये आईच्या डबीचं कोडं सुटतं. परदेशी फोन देशात आणून त्याला स्थानिक फोनाचं सोंग दिलं, की मिनिटाला सव्वाचार रुपये वाचतात. एखाद्या खोलीत इंटरनेटची जोडणी आणि मोबाईलची सिमं भरलेलं यंत्र ठेवलं की झालं. फोन येतो अमेरिकेतून, दिसतो मुंबईचा मोबाईल नंबर. हे फक्त खोलीतल्या भुरट्यांचं काम नव्हतं. परदेशी फोन स्थानिक म्हणून वळवल्याच्या प्रकरणात २००४-०५मध्ये दूरसंचार विभागाने रिलायन्स इन्फोकॉमवर १५० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि वाद न्यायाधिकरणात गेला.

नियामकाने हळूहळू फरकच कमी करत नेला. येणाऱ्या परदेशी फोनवरचा एडीसी २००५मध्ये ३ रुपये २५ पैसे, २००६मध्ये १ रुपया ६० पैसे, २००७मध्ये १ रुपया झाला. २००८मध्ये तो ५० पैशांवर आला आणि त्या सप्टेंबरअखेर संपला.

आयोवात गावाचा आकार फुगवून फोन फुकट केला गेला. भारतात गावाचा आकार चुकवून फोन स्वस्त केला गेला. तैवानचा मित्र पहिल्या वाटेने बोलत होता, मी दुसऱ्या. आणि मी ज्या घरी फोन लावत होतो ते घर खेड्यातलं होतं, लँडलाइन होती, म्हणजे ज्यांच्यासाठी हा आकार लावला होता त्यांच्यापैकीच एक. माझं स्वस्त कार्ड आईच्याच तारेचे पैसे चुकवत होतं. पावसाळ्यात फांदी पडून ती तार तुटली आणि आठ-दहा दिवस फोन लागला नाही, तेव्हा मी तिकडे बसून या देशाचं काही खरं नाही असं म्हणत होतो.

मी चोरी केली असं मला वाटत नाही. दुकानात उघडपणे विकलं जाणारं कार्ड मी घेतलं होतं, आणि शिष्यवृत्तीत महिना काढणाऱ्या मुलाने दोन सेंट वाचवले तर त्यात पाप नाही. पण 'फुकट' या शब्दाबद्दल मी तेव्हापासून सावध झालो.

घंटा न वाजणारी घरं

ऑक्टोबर २०११मध्ये अमेरिकी आयोगाने मुळावरच घाव घातला. येणाऱ्या फोनचा आकार टप्प्याटप्प्याने शून्याकडे न्यायचा. प्रत्येक कंपनीने आपला खर्च आपल्याच ग्राहकांकडून आणि उघड सरकारी निधीतून भागवायचा. ज्या कंपनीचा यंत्रवाल्यांशी वाटणीचा करार आहे आणि जिच्याकडे येणारे फोन जाणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहेत, तिला चढा दर नाही. या प्रकाराने पाच वर्षांत लांब पल्ल्याच्या कंपन्यांना २.३ अब्ज डॉलरांहून जास्त भुर्दंड पडल्याचा एक अंदाज त्याच आदेशात उद्धृत आहे.

तरी फट पूर्ण बुजली नाही. मधल्या वाहतुकीचे आकार उरले होते, धंदा तिकडे सरकला. जुलै २०१८मध्ये दक्षिण डाकोटातल्या रेडफिल्ड या सुमारे २,३०० वस्तीच्या गावाकडे जाणारी मिनिटं न्यूयॉर्क शहरातल्या व्हेरायझनच्या सगळ्या केंद्रांकडे जाणाऱ्या मिनिटांच्या दुप्पट होती, अशी नोंद आयोगाच्या कागदपत्रांत आहे. २०१९मध्ये तो खर्चही गावच्या कंपन्यांवरच टाकण्यात आला.

मात्र या सगळ्यात सर्वांत जास्त भोगलं ते गावांनी. खेड्यात फोन पोचवणं महाग, म्हणून काही कंपन्या तिकडचे फोन स्वस्तातल्या मध्यस्थांकडे सोपवू लागल्या, आणि ते मध्यस्थ फोन वाटेतच टाकून देऊ लागले. लावणाऱ्याला घंटा ऐकू येई, पलीकडे वाजतच नसे. दवाखान्याचे, गिऱ्हाइकांचे, मुलांचे फोन. तक्रारी इतक्या वाढल्या की २०१३मध्ये आयोगाला त्यासाठी वेगळे नियम करावे लागले. यंत्रापर्यंत लाखो मिनिटं पोचत होती, आणि खेड्यातल्या घरात मुलाचा फोन पोचत नव्हता.

भारतात सिमांच्या यंत्रांचा धंदा अजूनही पकडला जातो. कारण तेच. जानेवारी २०२१पासून देशातल्या फोनला दुसऱ्या जाळ्यात संपण्याचा आकार शून्य आहे, परदेशातून येणाऱ्याला मात्र आहे. फरक असला की कोणीतरी खोली भाड्याने घेतोच.

आमच्या घरची लँडलाइन पुढे बंद केली. आई आता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ लावते, आणि रेंज जायला लागली की ओट्यावर येऊन उभी राहते. परवा म्हणाली, "आता बरंय, तुला पैसे पडत नाहीत." मी विचारलं, "तुझ्या रिचार्जचे किती झाले?" ती म्हणाली, "ते वेगळं."